तारखेने भाषा केव्हा विचारावी?

नागपूरच्या एखाद्या मोठ्या दवाखान्याच्या स्वागतकक्षात तासभर बसले, तर एकाच खिडकीवर तीन भाषा आळीपाळीने ऐकू येतात. सावनेर-काटोलकडून आलेला रुग्ण मराठीत बोलतो, छिंदवाडा, सिवनी किंवा बालाघाटहून उपचारासाठी आलेले कुटुंब हिंदीत चौकशी करते, आणि विम्याच्या कागदपत्रांमागे धावणारा एखाद्याचा मुलगा इंग्रजी पावती मागतो. अशाच एका दवाखान्यासाठी आम्ही टॅबलेटवर चालणारे नोंदणीचे ॲप तयार केले होते. पडद्याच्या कोपऱ्यात भाषेचे बटण होते आणि स्वागतकक्षातल्या ताई समोरचा माणूस पाहून ते दाबत असत. म्हणजे ॲप एकदा सकाळी सुरू झाले, की रात्री बंद होईपर्यंत त्याची भाषा कितीतरी वेळा बदलत असे.

काही आठवड्यांनी लक्षात आले, की हिंदीत छापलेल्या चिठ्ठीवर सगळा मजकूर हिंदी असला, तरी पुढच्या भेटीच्या तारखेत ‘अगस्त’ऐवजी ‘ऑगस्ट’ छापले जात आहे. ताई ते इतके दिवस पेनाने दुरुस्त करून देत होत्या, कारण त्यांना वाटले की संगणकाला तेवढेच जमते. दोष आमच्या तारखेच्या लायब्ररीत, म्हणजे तारखा छापण्यासाठी लिहून ठेवलेल्या तयार कोडमध्ये, होता. तो एका ओळीचा दिसत असला, तरी त्याच्या मुळाशी जाताना जे समजले ते कोणत्याही प्रोग्रामिंग भाषेत काम करणाऱ्याला उपयोगी पडेल, म्हणून हा लेख.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. संगणकाच्या पोटात साठवलेल्या वेळेला भाषा नसते. बहुतेक प्रणाली जागतिक प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद किंवा मिलिसेकंद झाले, एवढा एक आकडाच जपून ठेवतात. त्या आकड्याचे ‘सोमवार, १२ ऑगस्ट, २०२४’ असे वाचनीय रूप करणाऱ्या घटकाला फॉरमॅटर म्हणतात. फॉरमॅटरला त्या क्षणाखेरीज आणखी चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कोणत्या ठिकाणची घड्याळवेळ धरायची, कोणती दिनदर्शिका वापरायची, तारखेचा साचा कसा आहे, आणि लोकेल कोणते आहे. लोकेल म्हणजे भाषा आणि प्रदेश यांची जोडगोळी. मराठीत महिन्याचे नाव काय, वर्षाआधी स्वल्पविराम येतो की नाही, आकडे कोणत्या लिपीत लिहायचे, ही सगळी माहिती युनिकोड संस्थेच्या ‘सीएलडीआर’ नावाच्या साठ्यात प्रत्येक लोकेलसाठी नोंदलेली असते आणि आज जवळजवळ सर्व प्रमुख प्रणाली तोच साठा वापरतात. त्या साठ्यानुसार मराठीचे नेहमीचे आकडे देवनागरी आहेत, तर हिंदी देवनागरीतच लिहिली जात असूनही तिचे नेहमीचे आकडे इंग्रजी धरलेले आहेत. हा फरक पुढे कामाला येणार आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फॉरमॅटरला भाषा लागते हे तर ठरले, पण ती त्याने विचारायची केव्हा?

पूर्वी पोस्टात आणि बँकेत तारखेचा रबरी शिक्का असे. त्याच्या बाजूची चाके फिरवून दिवस, महिना आणि वर्ष रोज बदलता येत होते. मात्र त्या पट्ट्यांवर महिन्यांची नावे कोणत्या भाषेत उमटतील, हे शिक्का ओतला जात असतानाच ठरलेले असे. आमचा फॉरमॅटर नेमका तसाच शिक्का होता. जावा कुळातल्या भाषांत ‘डेटटाइमफॉरमॅटर’ नावाचा वर्ग आहे, तो २०१४ साली आलेल्या जावा ८ पासून उपलब्ध आहे. त्याला साचा देऊन फॉरमॅटर बनवून घेताना लोकेल सांगितले नाही, तर तो त्या क्षणीचे प्रणालीचे डीफॉल्ट, म्हणजे वेगळे न सांगितल्यास धरले जाणारे, लोकेल उचलतो आणि स्वतःत कायमचे बसवून घेतो. हा वर्ग मुद्दामच अपरिवर्तनीय ठेवलेला आहे, म्हणजे एकदा तयार झालेला फॉरमॅटर कधीच बदलत नाही, आणि त्यामुळे तो अनेक थ्रेडमध्ये, म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणाऱ्या कामांत, निर्धास्तपणे वापरता येतो. यात जावाची काही चूक नाही. चूक आमची होती, कारण आम्ही तो फॉरमॅटर एका स्थिर चलात, म्हणजे ॲप जिवंत आहे तोवर तसाच राहणाऱ्या जागेत, एकदाच बनवून ठेवला होता. सकाळी ॲप मराठीत सुरू होई आणि शिक्का मराठीत ओतला जाई, तो दिवसभर तसाच राही.

‘भाषा बदलल्यावर पडदा नव्याने तयार होतोच की’, असे अँड्रॉइडवर काम करणारे म्हणतील, आणि ते खरे आहे. अँड्रॉइड १३ पासून, म्हणजे २०२२ पासून, प्रत्येक ॲपची भाषा फोनच्या सेटिंग्जमधून स्वतंत्रपणे निवडता येते, आणि ती बदलताच पडद्यावरचा दृश्य भाग मोडून पुन्हा उभारला जातो. मात्र या उलथापालथीत ॲपची प्रक्रिया मरत नाही, त्यामुळे स्थिर चलात ठेवलेल्या वस्तू जशाच्या तशा राहतात. घराला नवा रंग दिला तरी देव्हाऱ्यातले जुने पंचांग जागेवरच राहते, तसा हा प्रकार आहे.

हीच अडचण इतरत्र वेगळ्या वेषात भेटते. जावास्क्रिप्टमधल्या ‘इंटल’ या भाषांनुरूप मजकूर घडवणाऱ्या संचाचा तारीख-फॉरमॅटर जन्मताच आपले लोकेल ठरवून घेतो. मोमेंट या एकेकाळी सर्वत्र दिसणाऱ्या लायब्ररीत जागतिक लोकेल बदलता येते, पण आधी तयार झालेल्या तारखा आपले जुनेच लोकेल धरून राहतात. डेट-एफएनएस या लायब्ररीत रूपांतर करणाऱ्या फंक्शनला प्रत्येक हाकेला लोकेल हातात देता येते. ॲपलच्या प्रणालीत या प्रश्नाचे उत्तर नावातच दिसते: ‘चालू लोकेल’ मागितले तर त्या क्षणीची एक प्रत मिळते, आणि ‘आपोआप अद्ययावत होणारे लोकेल’ मागितले तर वापरकर्त्याच्या सेटिंगमागे चालणारी वस्तू मिळते. मला ही विभागणी फार प्रामाणिक वाटते, कारण ती प्रोग्रामरला निवड करायला भाग पाडते. डीफॉल्टच्या आडोशाने झालेली निवड ही निवड नसतेच.

तर पहिली दुरुस्ती सरळ होती. लायब्ररीने भाषा हे मूल्य म्हणून साठवणे सोडले आणि भाषा सांगणारे एक छोटे फंक्शन हाताशी ठेवले. तारीख छापायची वेळ आली, की लायब्ररी त्या फंक्शनला विचारते, उत्तर घेते आणि मग रूपांतर करते. ज्याला विशिष्ट भाषाच हवी आहे त्याने ती हाक मारतानाच सांगावी, आणि सांगितलेली भाषा या फंक्शनच्या उत्तराहून वरचढ मानावी, एवढा नियम केला. एका दिवसात काम झाले आणि आम्ही समाधानाने चहा घेतला. त्यानंतर तीन गोष्टी बिघडल्या.

पहिली गोष्ट वेगाची होती. प्रत्येक तारखेसाठी नवा फॉरमॅटर बनवणे महागात पडते, कारण त्याला लोकेलची माहिती शोधून साचा उलगडावा लागतो. रुग्णांची लांब यादी वरखाली करताना टॅबलेट अडखळू लागला. म्हणून एकदा बनवलेले फॉरमॅटर कॅशमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, ठेवायचे ठरले. आमच्या एका सहकाऱ्याने कॅशची किल्ली म्हणून केवळ साचा वापरला. परिणाम असा झाला, की ‘दिवस-महिना-वर्ष’ हा साचा ज्या भाषेत प्रथम वापरला गेला, तीच भाषा पुन्हा कायमची झाली. रबरी शिक्का एका दाराने बाहेर काढला होता, तो दुसऱ्या दाराने आत आला. ज्या ज्या गोष्टीने निकाल बदलतो, ती प्रत्येक गोष्ट किल्लीत असली पाहिजे: साचा, लोकेल, आकड्यांची लिपी, स्थानिक वेळ आणि दिनदर्शिका. शेवटची गोष्ट अनेकांना अनावश्यक वाटते, पण भारताने २२ मार्च १९५७ पासून शके कालगणनेची राष्ट्रीय दिनदर्शिका स्वीकारलेली आहे आणि सरकारी कागदांवर ती इंग्रजी तारखेच्या शेजारी आजही दिसते. सीएलडीआरमध्येही तिची नोंद आहे.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म होती. छापील चिठ्ठी आता बरोबर येत होती, पण पडद्यावरची आजच्या भेटींची यादी बटण दाबल्यावरही जुन्याच भाषेत राही आणि बोटाने सरकवली की मग ओळी एकेक करून नव्या भाषेत येत. अर्धी यादी मराठी आणि अर्धी हिंदी पाहून ताईंनी आम्हाला जे ऐकवले ते इथे लिहिण्याची गरज नाही. कारण असे, की फॉरमॅटरने योग्य वेळी भाषा विचारली तरी त्याला आधी कोणीतरी हाक मारावी लागते. पडद्यावर आधीच उमटलेला मजकूर म्हणजे निव्वळ अक्षरांची ओळ. तो कुठून आला, हे ती ओळ विसरलेली असते. वेब-ॲप बांधण्याच्या अँग्युलरसारख्या चौकटीत हा प्रश्न ठळकपणे दिसतो: तिथला तारखेचा ‘पाइप’ शुद्ध मानला जातो, म्हणजे त्याला दिलेली मूल्ये बदलली तरच तो पुन्हा चालतो. तारीख तीच, साचा तोच, फक्त भाषा बदलली, आणि भाषा जर त्याला मूल्य म्हणून दिलेलीच नसेल, तर त्याच्या दृष्टीने काहीच घडलेले नसते. तो जुना निकाल परत देतो, आणि त्याच्या नियमाने तो बरोबरच असतो.

यावर उपाय म्हणजे भाषेला अवलंबनांच्या यादीत उघडपणे बसवणे. पडद्याचा जो भाग तारीख दाखवतो, त्याने ‘मी या तारखेवर आणि या भाषेवर अवलंबून आहे’ असे जाहीर करावे, आणि भाषा बदलली की लायब्ररीने तशी दवंडी पिटावी, म्हणजे ज्यांनी नाव नोंदवले आहे ते सगळे भाग स्वतःला पुन्हा रंगवतील. ॲपलच्या प्रणालीत अशी सूचना मुळातच पाठवली जाते, अँड्रॉइडवरही फोनची भाषा बदलल्याची घोषणा होते, पण ॲपच्या आतल्या बटणाने भाषा बदलत असेल तर ही जबाबदारी स्वतः उचलावी लागते. मात्र पडद्याचा भाग बंद होताना त्याने आपले नाव यादीतून काढून घेतले पाहिजे. नाहीतर कधीच मिटलेल्या पडद्यांना लायब्ररी हाका मारत राहते आणि स्मृती भरत जाते.

तिसरी गोष्ट मात्र आमच्या तत्त्वालाच आव्हान देणारी निघाली. ‘दाखवण्याच्या क्षणी भाषा विचारा’ हा नियम आम्ही इतका मनापासून पाळला, की चिठ्ठीवरच्या प्रत्येक तारखेने स्वतंत्रपणे भाषा विचारायला सुरुवात केली. चिठ्ठी पार्श्वभूमीत तयार होत असताना ताईंनी पुढच्या रुग्णासाठी बटण दाबले, तर नोंदणीची तारीख मराठीत आणि पुढच्या भेटीची तारीख हिंदीत येऊ शकत होती, आणि एकदा तशी आलीही. तेव्हा उमगले, की भाषा विचारण्याची योग्य वेळ वस्तूगणिक बदलते. पडद्याने ती प्रत्येक वेळी रंगवताना विचारावी. कागदाने मात्र आपला जन्म होत असताना एकदाच विचारावी आणि शेवटच्या ओळीपर्यंत तीच पाळावी. त्याच ओघात आणखी एक निर्णय घ्यावा लागला: सहा महिन्यांपूर्वीची चिठ्ठी पुन्हा छापायची झाली, तर कोणत्या भाषेत? आम्ही चिठ्ठीसोबत तिची भाषा नोंदवून ठेवू लागलो, कारण रुग्णाच्या हातातली प्रत आणि दवाखान्यातली प्रत सारखी दिसणे हे बटणाच्या सध्याच्या स्थितीपेक्षा महत्त्वाचे आहे.

सर्व्हरवर तर हा प्रश्न आणखी टोकदार होतो. टॅबलेटवर एका क्षणी एकच वापरकर्ता असतो, तर सर्व्हरवर एकाच प्रक्रियेत अनेक माणसांच्या विनंत्या एकत्र धावत असतात. सी भाषेतले लोकेल बदलणारे जुने फंक्शन संपूर्ण प्रक्रियेचे लोकेल बदलते; एका थ्रेडने मराठी लावली, की शेजारच्या थ्रेडमधल्या इंग्रजी ग्राहकालाही मराठीच मिळते. युनिक्स वळणाच्या प्रणालींसाठी असलेल्या पॉझिक्स मानकाच्या २००८ च्या आवृत्तीत थ्रेडपुरते लोकेल लावण्याची सोय आली ती यासाठीच. पायथनच्या दस्तऐवजातही लोकेल बदलणारे फंक्शन थ्रेडच्या दृष्टीने सुरक्षित नसल्याचा इशारा दिलेला आहे. सर्व्हरसाठी माझे मत ठाम आहे: तिथे डीफॉल्ट भाषा नावाची गोष्टच वापरू नये आणि प्रत्येक विनंतीसोबत भाषा हातोहात पुढे द्यावी. लिहायला कंटाळवाणे आहे, पण रात्री दोन वाजता दोष शोधण्यापेक्षा बरे.

भाषेमागे धावू नयेत अशाही तारखा असतात, आणि त्या वेगळ्या काढणे या कामाचाच भाग आहे. आमच्या ॲपमध्ये साठवलेल्या फायलींच्या नावात तारीख असे, आणि ती जावाच्या मजकूर जुळवणाऱ्या सोयीच्या फंक्शनने तयार होई. लोकेल सांगितले नाही तर हे फंक्शन डीफॉल्ट लोकेलचे आकडे वापरते. ॲप मराठीत असताना फायलींची नावे देवनागरी आकड्यांत तयार झाली, हिंदी किंवा इंग्रजीत असताना इंग्रजी आकड्यांत झाली. युनिकोडमध्ये देवनागरी आकड्यांची जागा इंग्रजी आकड्यांच्या बरीच पुढे आहे, त्यामुळे नावानुसार लावलेल्या यादीत मराठीतल्या सगळ्या फायली शेवटी जाऊन बसल्या. जावास्क्रिप्टमध्ये तर देवनागरी ‘१५’चे संख्येत रूपांतर करायला गेले, तर ‘ही संख्या नव्हे’ असे उत्तर येते. म्हणून यंत्राने यंत्रासाठी लिहिलेली तारीख, मग ती फाइलच्या नावात असो, नोंदवहीत असो वा सर्व्हरला पाठवलेल्या माहितीत, वर्ष-महिना-दिवस या आयएसओ ८६०१ च्या क्रमाने आणि भाषानिरपेक्ष लोकेलमध्येच लिहावी. जावात त्यासाठी ‘रूट’ लोकेल आहे.

मराठीपुरता एक स्वतंत्र मुद्दा सांगायला हवा, कारण इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनवलेल्या लायब्ररी तिथे हमखास अडखळतात. ‘३ दिवस’ आणि ‘पूर्वी’ हे दोन तुकडे जोडून ‘३ दिवस पूर्वी’ होते, पण आपण लिहितो ‘३ दिवसांपूर्वी’. महिना आणि पूर्वी मिळून ‘महिन्यापूर्वी’, आठवडा आणि पूर्वी मिळून ‘आठवड्यापूर्वी’. शब्दाचे सामान्यरूप झाल्याशिवाय शब्दयोगी अव्यय त्याला जोडता येत नाही, त्यामुळे संख्या, एकक आणि शेपूट असे तीन भाग वेगवेगळे अनुवादून चिकटवणारी पद्धत मराठीत चालत नाही. मोमेंटच्या मराठी फाइलमध्ये याचा विचार करून सुटे रूप आणि जोडरूप वेगळी ठेवलेली आहेत. भाषा बदलताना याचा अर्थ असा, की ‘३ दिवस’ हा तुकडा कॅशमध्ये ठेवून फक्त शेपूट बदलून भागत नाही. अख्खे वाक्य नव्याने घडवावे लागते. पूर्ण तारखेच्या बाबतीत मात्र मराठीने आपल्यावर एक उपकार केलेला आहे: ‘१२ ऑगस्ट, २०२४ रोजी’ असे लिहिले, की तारखेला विकार होत नाही. ‘सोमवार’चे ‘सोमवारी’ करण्याच्या फंदात न पडता वाक्याच्या साच्यात ‘रोजी’ हा शब्द ठेवावा, म्हणजे फॉरमॅटरकडून आलेली तारीख जशी आहे तशी बसते. कचेरीतल्या जुन्या कारकुनांचा हा शब्द सॉफ्टवेअरला इतका उपयोगी पडेल, असे कोणाला वाटले नसेल.

राहता राहिला एक प्रश्न, जो दवाखान्याच्या व्यवस्थापकांनी आम्हाला रास्तपणे विचारला होता: तुम्ही चाचणी केली नव्हती का? केली होती. ॲप उघडायचे, मराठीतून हिंदीत जायचे, चिठ्ठी पाहायची, परत मराठीत यायचे, अशी चाचणी आमच्याकडे पहिल्यापासून होती आणि ती दरवेळी यशस्वी होत होती. त्या चाचणीत आम्ही एक ठरावीक तारीख वापरत होतो, १० जून २०२४, वार सोमवार. ‘जून’ मराठीतही जून आणि हिंदीतही जून. ‘सोमवार’ही दोन्हींकडे सोमवारच. आकड्यांनी तरी चुगली करायला हवी होती, पण डेटटाइमफॉरमॅटर लोकेल काहीही असले तरी वेगळे सांगितल्याशिवाय आकडे इंग्रजीच छापतो. लोकेलसोबत आकडेही बदलून देणारी पद्धत त्यात २०१८ साली जावा १० बरोबर आली आणि आम्ही ती वापरत नव्हतो. साचाही दोन्ही भाषांना एकच होता. म्हणजे गोठलेला मराठी फॉरमॅटर आणि अचूक हिंदी फॉरमॅटर त्या तारखेसाठी अक्षर न् अक्षर सारखाच मजकूर देत होते. चाचणी फक्त मराठी आणि इंग्रजीत केली असती, तर लिपीच्या फरकाने दोष पहिल्याच दिवशी पकडला गेला असता. दोन देवनागरी भाषांनी मात्र एकमेकींना सांभाळून घेतले.

यादी करून पाहिली, तेव्हा मराठी आणि हिंदीत वारांची नावे सीएलडीआरमध्ये एक अपवाद वगळता सारखीच निघाली. तो अपवाद म्हणजे मंगळवार, जो हिंदीत मंगलवार होतो. महिन्यांपैकी मार्च आणि जून सारखे आहेत, बाकीचे वेगळे आहेत. त्यामुळे आमच्या चाचण्यांतल्या रुग्णांच्या सगळ्या भेटी आता ऑगस्टमधल्या मंगळवारी ठरलेल्या असतात.